मानसिक बळाचा प्रश्न

'अध्यात्म' हा शब्द उच्चारला की आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. ती पडणे स्वाभाविकच आहे. त्या शब्दातच आत्मा दडून बसलेला आहे, आणि आत्म्याच्या नावाने या देशात काय काय खपविले गेले हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे सांगणाऱ्या तत्त्वज्ञानाला माणसाच्या सावलीचा विटाळ होत होता! तेव्हा आत्मा नको, परमात्मा नको आणि त्यांच्या दलालांनी मांडलेला मोक्षाचा बाजारही नको, ही आपली भूमिका स्वच्छ आहे. परंतु आत्मा नाकारला म्हणून मन नाहीसे होत नाही. मन आहे. ते दुखते, खचते, कुढते, डूख धरते, कधी गुत्त्यावर जाऊन बसते. हे मन सावरण्याचे, वाढविण्याचे आणि माणसाला भरल्या आयुष्याकडे नेण्याचे काही व्यवहारी शास्त्र देवाधर्माच्या मदतीवाचून उभे राहू शकते काय, हा प्रश्न आत्मा नाकारणाऱ्यांनी इतरांहून अधिक गंभीरपणे विचारला पाहिजे. इतरांजवळ निदान देव्हारा तरी आहे.

मी इतिहासाचा शिक्षक आहे, मानसशास्त्राचा नव्हे. माझ्या विद्यार्थ्यांच्या हातात यशाची आणि सकारात्मक विचारांची जी गुळगुळीत पुस्तके दिसतात ती चाळताना माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो इतिहासाचाच होता. ज्यांचे मन पिढ्यान्‌पिढ्या पद्धतशीरपणे मोडले गेले, त्या आपल्या माणसांनी ते पुन्हा उभे करण्यासाठी स्वतः काय केले? याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ते भाषणांत, ठरावांत आणि आत्मकथनांत विखुरलेले आहे.

पालीत या कामाला 'भावना' असा शब्द आहे. मराठीत भावना म्हणजे मनात आपोआप उठते ती. पालीत भावना म्हणजे प्रयत्नाने घडवायची, वाढवायची ती. शेताच्या मशागतीशी या शब्दाचे नाते आहे. म्हणून 'अध्यात्म' बाजूला ठेवून मी येथे मनाची मशागत असेच म्हणणार आहे.

पश्चिमेत निधर्मीपणा म्हणजे बहुधा हाती असलेली श्रद्धा सोडून देणे. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेने घडविलेली ही विद्यार्थिनी. वेदांवर आमचा अधिकार नाही असे ब्राह्मण म्हणतात, मग आमचा धर्म तरी कोणता, आम्ही धर्मावाचूनचेच ठरलो की नाही, असा तिचा रोखठोक युक्तिवाद आहे. म्हणजे निधर्मीपणा ही आपल्याकडे विचारवंतांची निवड म्हणून आली नाही. दाराबाहेर ठेवलेल्यांचा तो जन्माचा वाटा होता. त्या मुलीने त्या वाट्याचा प्रश्न केला, हे तिचे मोठेपण. आणि त्याच निबंधात बाळंत होणाऱ्या महार-मांग स्त्रियांच्या डोक्यावर छप्पर नसते याचे दुःखही ती मांडते. धर्माचा प्रश्न आणि छपराचा प्रश्न तिने वेगवेगळे केले नाहीत.

धर्माच्या दाराबाहेर असलेला महारवाडा देवांवाचून मात्र नव्हता; देवांनी तो गच्च भरलेला होता. मरीआई, म्हसोबा, खंडोबा, पोतराज, भगत, उतारे, नवस. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनात आषाढातल्या दिवसांची आणि अंगात येणाऱ्या बायांची वर्णने आहेत. आपण ती अंधश्रद्धा म्हणून वाचतो आणि पान उलटतो. मला ती पाने थांबवून ठेवतात. वर्षभर सासूचा मार खाणारी, उष्ट्याच्या तुकड्यावर जगणारी, गावात कोणी आले की रस्ता सोडून बाजूला होणारी बाई त्या एका दिवशी देवी होत होती. तिच्या कपाळाला हळदकुंकू लागत होते आणि लोक तिला प्रश्न विचारत होते. कोंडलेल्या दुःखाला महारवाड्याने आपल्या हाताने काढून दिलेली ती वाट होती. ती वाट कोठेच पोचत नव्हती हे खरे. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा शेणाच्या पाटीखाली असे. परंतु एक दिवस तरी पोटातले ओठावर येत होते. चोखोबांनी आणि सोयराबाईंनी तीच वेदना अभंगात आणली आणि विठ्ठलापुढे मांडली. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना दरडीखाली सापडून मेले. वेदनेला भाषा मिळाली, कुसू मात्र होते तेथेच राहिले.

हे सांगण्याचे कारण असे की १९५६ नंतर आपण देव नदीत सोडले, भगताचे घर बंद केले, अंगात येणे बंद केले. फार चांगले केले. पण या गोष्टी मनासाठी जे काही बरेवाईट काम करीत होत्या ते काम पुढे कोणी करायचे, याचा हिशेब आपण पुरता केला नाही. बाबासाहेबांनी तो केला होता असे माझे म्हणणे आहे, आणि या लेखाचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

सुरुवात महाडपासून करू. डिसेंबर १९२७ मधल्या महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडे पांढरपेशा बाया नेसतात तसे नेसा, अंगावरचे कथलाचे आणि चांदीचे ओझे टाका, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, मुलींना शाळेत घाला. रातोरात बायांच्या लुगड्याचे नेसणे बदलले असे चरित्रकार सांगतात. काही विद्वानांना हे भाषण किरकोळ वाटते. मनुस्मृतीच्या ज्वाळांपुढे लुगड्याचा काठ तो काय! मला ते त्या परिषदेतले फार खोल भाषण वाटते. गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि जड वाळे ही त्या बाईच्या अंगावर लिहिलेली जात होती. ती रोज सकाळी स्वतःच्या हाताने अंगावर चढवीत होती. ते हात थांबले की आत काहीतरी हलते.

असाच बदल अभिवादनात झाला. 'जोहार' म्हणताना कंबर वाकत असे, नजर जमिनीवर असे. 'जयभीम' म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागते. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. १९३९ साली ऐन तारुण्यात गेलेल्या या माणसाने मानसशास्त्रावर एक ओळही लिहिलेली नसेल, पण मानेच्या कण्यातून गुलामी काढण्याचा इतका सोपा आणि इतका बिनखर्ची उपाय कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाला सुचलेला मला माहीत नाही.

येथे कोलंबिया विद्यापीठातले बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई यांची आठवण होते. ड्यूई आपल्याला तत्त्वज्ञ म्हणून माहीत आहेत. १८९९ साली ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते हे सहसा सांगितले जात नाही. १९२२ च्या 'ह्यूमन नेचर अँड कंडक्ट' या ग्रंथात त्यांनी सवयीचे मानसशास्त्र मांडले आणि त्यात उदाहरण घेतले ते ताठ उभे राहण्याचे. वाकून उभे राहण्याची सवय जडलेल्या माणसाला नुसते 'ताठ राहा' असे सांगून भागत नाही. त्याने मनात आणले तरी तो फार तर वेगळ्या तऱ्हेने वाकडा उभा राहतो. सवय म्हणजे एकट्याच्या डोक्यातला विचार नव्हे. परिस्थिती आणि माणूस या दोघांनी मिळून ती घडविलेली असते. म्हणून ती बदलायची तर परिस्थितीचा धागा सोडवावा लागतो आणि नवी सवय हातापायांत उतरवावी लागते. हा ग्रंथ बाबासाहेबांनी कोलंबिया सोडल्यानंतरचा आहे. तेव्हा महाडच्या भाषणाचा उगम त्यात शोधण्याचा उत्साह मी दाखविणार नाही. महाडच्या बायांनी ड्यूई वाचून नेसणे बदलले नव्हते. दोघे एकाच सत्यापाशी दोन वाटांनी आले, एवढेच.

आता १९३६. ३१ मे रोजी मुंबई इलाखा महार परिषदेत बाबासाहेबांनी केलेले भाषण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने आपल्या घराघरात आहे. त्याची पारायणे होतात, पण त्यातल्या एका भागाकडे मानसशास्त्र म्हणून आपण पाहिलेले नाही. सामर्थ्य तीन प्रकारचे असते असे ते सांगतात: मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. पहिली दोन आपल्याजवळ नाहीत हे सांगून ते तिसऱ्याकडे वळतात आणि त्याची स्थिती तर आणखीच वाईट आहे असे म्हणतात. शतकानुशतके अपमान आणि जुलूम मुकाट सोसल्याने उलट उत्तर देण्याची, बंड करण्याची सवयच मोडली. आत्मविश्वास, उमेद, महत्त्वाकांक्षा आटली. कोणत्याही पुढाऱ्याने आपल्या लोकांना तोंडावर सांगावे असे हे नव्हे. पण बाबासाहेब दोष देत नव्हते, निदान करीत होते.

निदानाहून उपाय महत्त्वाचा आहे. हे बळ आतून आपोआप येणार नाही, ते बाहेरून आणावे लागेल, असे ते सांगतात. म्हणजे माणसाला माणूस मानणाऱ्या एखाद्या समाजाशी नाते जोडून. खोलीचे दार लावून, डोळे मिटून, मी बलवान आहे असे शंभर वेळा घोकण्याचा सल्ला त्यांनी दिला नाही. मनाचे बळ ही नात्यातून येणारी वस्तू आहे, हा या भाषणाचा गाभा आहे. आजच्या बाजारातल्या मनाच्या पुस्तकांपासून आपली वाट येथेच वेगळी होते.

कारण मन आतूनच बळकट करता येते असे मानणारी एक जुनी परंपरा युरोपात आहे, आणि तिचा एक आचार्य गुलाम होता. एपिक्टेटस हा पहिल्या शतकात रोममध्ये गुलाम म्हणून वाढला. पायाने अधू होता. पुढे तो मुक्त झाला, सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलले तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. त्याची शिकवण थोडक्यात अशी की घटना माणसाला अस्वस्थ करीत नाहीत, घटनांविषयी त्याने करून घेतलेले मत त्याला अस्वस्थ करते. जे आपल्या हाती नाही त्याचा शोक करू नये, जे हाती आहे ते म्हणजे आपले मन, ते ताब्यात ठेवावे. पुढच्या शतकात रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस यानेही ही शिकवण आदराने स्वीकारली. गुलामाला आणि सम्राटाला सारखेच पटलेले तत्त्वज्ञान म्हणून तिचे कौतुक केले जाते. मला नेमकी तेथेच शंका येते. गुलामाने गुलामी मनावर घेऊ नये ही गोष्ट सम्राटाला का पटणार नाही?

तरीही ही शिकवण झटकून टाकता येत नाही. १९५५ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी तिच्या पायावर विवेकनिष्ठ मानसोपचार उभा केला. मराठीत कि. मो. फडके यांनी तो निष्ठेने रुजविला. एलिस स्वतः निरीश्वरवादी. त्यांच्या पद्धतीत देव, आत्मा, प्रारब्ध यांना जागा नाही, म्हणून ती आपल्या विचाराला जवळची आहे. घटना, तिच्याविषयीची समजूत आणि तिचा परिणाम अशी त्यांची साधी साखळी आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेतो. वसतिगृहात त्याला 'कोट्यातला' म्हणत. पहिल्या वर्षी त्याचे अभ्यासातले लक्ष उडाले, तो वर्गात बोलेनासा झाला. एलिसची साखळी लावली तर असे दिसते की त्या शब्दाने तो मोडला नव्हता. शब्दामागचा निवाडा, की मी खरोखरच कमी आहे, तो त्याने आत घेतला होता, आणि त्याने तो मोडला होता. हा निवाडा बाहेर फेकता येतो. माणसाची किंमत दुसऱ्याच्या मतावर ठरत नाही, ती मोजण्याची गोष्टच नव्हे, असे एलिस सांगतात आणि ते सोळा आणे खरे आहे. त्या मुलाला याचा उपयोग झाला.

पण साखळीचे पहिले टोक? तो शब्द रोज कोण उच्चारतो, का उच्चारतो, त्याला कोण अडवते? समुपदेशनाच्या खोलीत त्या मुलाला सांगितले गेले की तू फार मनाला लावून घेतोस. येथे शास्त्र संपले आणि सम्राटाची सोय सुरू झाली. जात ही घटनेतही आहे आणि समजुतीतही आहे. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ च्याच निबंधात बाबासाहेबांनी जातीला मनाची अवस्था म्हटले, ते हिंदूंच्या मनाविषयी होते हे आपण विसरतो. म्हणजे त्या वर्षी त्यांनी दोन रुग्ण तपासले. मे महिन्यात मोडलेले मन तपासले आणि निबंधात मोडणारे मन तपासले. आजचा समुपदेशक एकालाच खुर्चीवर बसवतो.

दोन्ही टोके हातात धरणारे मानसशास्त्र जगात झाले नाही असे नाही. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या, दोन तपकिरी, दोन गोऱ्या, बाकी सगळ्या सारख्या. तीन ते सात वर्षांची २५३ कृष्णवर्णीय मुले होती. चांगली कोणती, खेळायला कोणती आवडेल, असे विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली उचलली. आणि तुझ्यासारखी कोणती, असे विचारल्यावर काही मुले रडू लागली. क्लार्क दांपत्याने या मुलांना सकारात्मक विचार शिकविले नाहीत. त्यांनी हा पुरावा न्यायालयापुढे जाऊ दिला, आणि १७ मे १९५४ रोजी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या निकालाच्या तळटिपेत तो नोंदला गेला. मनाच्या जखमेचा पुरावा भिंत पाडायला वापरला गेला, असे मानसशास्त्राच्या इतिहासात फार थोड्या वेळा घडले आहे. एक बारकावा मात्र सांगितला पाहिजे. उत्तरेकडच्या मिश्र शाळांतल्या मुलांमध्ये गोऱ्या बाहुलीची ओढ दक्षिणेपेक्षा कमी नव्हती, उलट थोडी अधिकच होती. शाळेची भिंत पडली तरी मनातली आपोआप पडत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉईस यांना पत्र लिहून निग्रोंच्या प्रश्नाशी असलेले आपले साम्य कळविले होते. आपल्या राखीव जागांवरून शिकायला गेलेल्या पिढीने या बाहुल्यांकडे पाहिले तर ते साम्य किती खोल होते हे कळेल.

म्हणून १९५६ चे पाऊल दोन्ही अंगांनी पाहिले पाहिजे. 'मुक्ती कोन पथे?' मध्ये बळ बाहेरून आणा असे सांगणाऱ्या बाबासाहेबांनी वीस वर्षे शोध घेतला, आणि जो मार्ग निवडला त्यात बाहेरून तारणारा कोणीच नव्हता. ईश्वर नाही, आत्मा नाही, प्रेषित नाही. मग बळ कोठून येणार? 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर आहे असे मी मानतो. धर्म हा माणसाचा आणि देवाचा खासगी व्यवहार असतो. धम्म मात्र माणसामाणसांतला असतो, एकट्याला त्याची गरजच नाही, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे बाहेरचे बळ आता परक्या समाजाकडून मागून घ्यायचे नव्हते, आपणच आपसांत निर्माण करायचे होते. आणि दुसरीकडे हाच ग्रंथ मनाला सर्वांच्या केंद्रस्थानी ठेवतो.

या ग्रंथातले सम्यक समाधीचे विवेचन कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे. अष्टांगमार्गावर चालताना पाच अडथळे येतात: लोभ, द्वेष, आळस व सुस्ती, संशय आणि अनिश्चय. ही यादी वाचताना मला आपल्या कोणत्याही संघटनेच्या बैठकीचे इतिवृत्त वाचल्यासारखे वाटते! हे अडथळे समाधीने दूर होतात असे परंपरा सांगते. बाबासाहेब तेथे थांबत नाहीत. नुसती समाधी म्हणजे नुसती एकाग्रता. ती चालू आहे तोवर अडथळे थोपवून धरले जातात, उठलो की ते परत येतात. हवे आहे ते मनाला लागणारे कायमचे वळण. म्हणून चित्त एकाग्र करून त्या अवस्थेत कुशल कर्माचा विचार करायचा, म्हणजे मनाची ओढच हळूहळू बदलते. ही सम्यक समाधी. ड्यूईंची सवय आणि बुद्धाची भावना येथे एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात. ड्यूईंनीही १९३४ च्या 'अ कॉमन फेथ' मध्ये धर्मसंस्था आणि जीवनाला व्यापणारी निष्ठा यांची फारकत केली होती, परंतु त्यांनी ती व्याख्यानांत केली. ती पाळायची कशी याचा रोजचा पाठ तेथे नाही. बाबासाहेबांनी लाखो माणसांच्या हाती रोजचा पाठ दिला: पंचशील, अष्टांगमार्ग, दहा पारमिता. निब्बाणही मरणानंतरचे नव्हे. विकारांवर ताबा ठेवून धम्माने चालता यावे यातले, याच जन्मातले, याच संसारातले सुख म्हणजे निब्बाण. भरल्या आयुष्याची याहून निधर्मी व्याख्या मला ठाऊक नाही.

इगतपुरीविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, कारण आपल्यातले पुष्कळ लोक तेथे जातात आणि पुष्कळ लोक जाणाऱ्यांना हसतात. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्याच शहरात ऊ बा खिन हे सरकारी हिशेबखात्यातले मोठे अधिकारी गृहस्थांना विपश्यना शिकवीत होते, आणि पुढच्याच वर्षी सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने हैराण होऊन त्यांच्याकडे गेले. १९६९ साली गोयंका भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. दहा दिवस मौन, श्वासाकडे आणि संवेदनांकडे तटस्थ पाहणे, शुल्क नाही, संप्रदाय नाही. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी ध्यानातली बौद्ध परिभाषा गाळून ते रुग्णालयात नेले आणि आज ते कंपन्यांच्या कचेऱ्यांतही पोचले आहे. माझे मत असे आहे की दहा दिवस गप्प बसून स्वतःचा राग येताना-जाताना पाहणे ही उपयोगी विद्या आहे, आणि ज्यांच्या आयुष्यात दहा दिवसांची निवांत जागा कधीच नव्हती त्यांनी ती मिळविली तर हसण्यासारखे काही नाही. परंतु बाबासाहेबांच्या कसोटीवर ती समाधीच्या बाजूला पडते. कुशल कर्माकडे वळायचे काम नंतर उरतेच. तटस्थता ही न्याय आणि अन्याय यांच्यामधली तटस्थता झाली तर ती सम्राटाचीच सोय.

आणि विपश्यनेला पळवाट म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या घराकडेही पाहावे. मोर्चात सिंहासारखा आणि घरात बायकोवर हात टाकणारा कार्यकर्ता आपल्याला अनोळखी आहे काय? गटबाजीत आपण किती माणसे गमावली? किती चांगली डोकी दारूने गेली? हे प्रश्न विरोधकांच्या तोंडी शोभतात म्हणून आपण विचारायचे नाहीत असे कोणी ठरवले? या बाबतीत आपले साहित्य आपल्या संघटनांपेक्षा प्रामाणिक राहिले. दया पवार यांच्या १९७८ च्या 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी शहरी, सुशिक्षित दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसतात. त्या पुस्तकावर आपल्यातल्याही अनेकांनी नाक मुरडले, उकिरडा कशाला उकरता म्हणून. पण जखम उघडून पाहण्याचे जे धैर्य मानसोपचारात मागितले जाते ते त्या पानांत आहे.

२००७ साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाचा अहवाल दिला. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्यानंतर मुलांच्या मनाची काळजी घ्या असे सर्वत्र बोलले जाऊ लागले, आणि ती काळजी बहुतेक ठिकाणी समुपदेशनाच्या खोलीपुरती राहिली. ती खोली हवी, हे मी आग्रहाने सांगतो. जीव वाचत असेल तर तत्त्वचर्चा थांबली तरी चालेल. पण खोलीतली फाइल क्लार्कच्या बाहुल्यांसारखी कोणापुढे तरी पुरावा म्हणून जाते काय?

आमच्या गावच्या विहारात रविवारी वंदना होते. पूर्वी त्रिशरण-पंचशील म्हणून, खीर घेऊन आम्ही घरी जात असू. गेली काही वर्षे वंदनेनंतर अर्धा तास थांबतो. ते पाच अडथळे एकेक करून वाचायचे आणि गेल्या आठवड्यात यातला कोणता आडवा आला ते ज्याला वाटेल त्याने सांगायचे. नंतर दुसरा प्रश्न: त्यातले माझे किती आणि माझ्यावर लादलेले किती? पहिल्या प्रश्नाला तरुण मुले अडखळतात, दुसऱ्याला म्हातारी माणसे. नगरपालिकेच्या ठेक्यावर झाडकाम करणारी एक बाई परवा म्हणाली, "गुरुजी, आळस-सुस्ती वाचलं तेव्हा मी मान खाली घातली. मग म्हटलं, पहाटे चारला उठते, दोन वॉर्ड माझ्याकडं, तिसरा मुकादमानं फुकट लावलाय. ही सुस्ती माझी न्हाई. पर त्याला काय बोलत न्हाई, ते मात्र माझं." पुढच्या रविवारी त्या वॉर्डातल्या आणखी तिघी विहारात आल्या होत्या. वंदना झाल्यावर त्यांनी वही मागितली आणि तिसऱ्या वॉर्डाविषयीच्या अर्जाचा मसुदा तेथेच बसून लिहायला घेतला.